उत्पादक कंपनीचें संकेतस्थळ व त्याच्या पानांचे साचे

हिंगोली जिल्ह्यांतील हळद आजवर बहुधा आडत्याच्या काट्यावर विकली गेली. माल समोर ओतावा, खरेदीदारानें हळकुंड मोडून पाहावें, रंग न्याहाळावा, वास घ्यावा आणि मग भाव बोलावा, अशी ही रीत आहे. या रीतींत मालाची ओळख माल स्वतःच करून देतो. परंतु आतां विक्रीची दुसरीहि वाट उघडली आहे. ‘वसमत हळद’ या नांवास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सांगलीच्या हळदीस तें २०१८ सालींच मिळालें होतें. आपल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या असून दूरच्या खरेदीदारास थेट माल विकावा, अशी उमेद कित्येकांनीं धरली आहे. थेट विक्रींत हळकुंड मोडून पाहण्याची सोय नसते. निजामाबादचा किंवा इरोडचा व्यापारी असो, अगर पुण्यांतील मसाल्याचा कारखानदार असो, तो प्रथम कंपनीचें नांव मोबाईलच्या पडद्यावर शोधतो आणि जें पान समोर येईल त्यावरून मालाची, व मालापेक्षांहि माणसांची, परीक्षा करतो.

म्हणजे आठ-नऊ महिने जमिनींत पोसलेल्या, नंतर उकडलेल्या, वाळविलेल्या व घोळलेल्या हळदीची पहिली पारख दोन-तीन मिनिटांत, एका पानावर होते. तें पान गोंधळाचें असेल तर माल चांगला असूनहि उपयोग होत नाहीं. म्हणून संकेतस्थळाचीं पानें कशीं मांडावींत, हा प्रश्न केवळ संगणक जाणणाऱ्या मुलांचा नसून भागधारक शेतकऱ्यांचा आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत सांगतां येतें: पान सजविण्यापूर्वीं पानाचा साचा ठरवावा, आणि एकदां ठरविलेला साचा सर्व पानांवर निष्ठेनें पाळावा. या वाक्याचा अर्थ व त्याची कृति पुढें विस्तारानें सांगतों.

साचा म्हणजे काय

साच्याचें उत्तम उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं आहे, तें म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. गांव नमुना सात हें अधिकार अभिलेखाचें पत्रक, व गांव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोहोंचा उतारा एकत्र मिळतो म्हणून त्यास सातबारा म्हणतात. उतारा औंढ्याकडील असो कीं सेनगांवाकडील, गट क्रमांक कोठें पाहावा, भोगवटादाराचें नांव कोठें, इतर हक्क कोठें, हें कोणास शोधावें लागत नाहीं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. कागदाच्या ठिकाणीं पडदा आला, शाईच्या सहीऐवजीं डिजिटल सही आली. तरीहि ज्यास जुना उतारा वाचतां येत होता त्यास नवा वाचण्याची अडचण पडली नाहीं, कारण ओळखीचे रकाने ओळखीच्या नांवांनीं कायम राहिले.

आतां अशी कल्पना करा कीं, प्रत्येक तलाठ्यानें आपापल्या आवडीप्रमाणें उतारा मांडला आहे. एकानें क्षेत्र वर लिहिलें, दुसऱ्यानें खालीं. एकानें बोजा ठळक लिहिला, दुसऱ्यानें तो कोपऱ्यांत बारीक अक्षरांत घातला. बँकेच्या कारकुनास प्रत्येक उताऱ्यापाशीं खोळंबावें लागेल; इतकेंच नव्हे, तर त्याचा कोणत्याच उताऱ्यावर विश्वास बसणार नाहीं. जें नेहमींच्या जागीं दिसत नाहीं तें लपविलें असावें, असा संशय माणसाच्या मनांत सहज येतो. साच्यानें वेळ वांचतो हा त्याचा लहान गुण. संशयास जागा राहत नाहीं हा मोठा गुण होय.

दुसरें उदाहरण भिंतीवरील दिनदर्शिकेचें. ‘कालनिर्णय’ १९७३ सालापासून घरोघर आहे. महिना बदलतो, सण बदलतात. परंतु वारांची व तारखांची मांडणी तीच राहते. त्यामुळें घरांतील आजीबाईस चतुर्थी शोधण्यास चष्मा लागतो, विचार लागत नाहीं. संकेतस्थळाचा वाचकहि असाच असावा. त्याचा सारा विचार हळदीकडे जावा, पानाकडे जाऊं नये.

संकेतस्थळाच्या बाबतींत साचा म्हणजे मजकुरावांचून असलेली पानाची मांडणी. वीट पाडणारा जसा प्रत्येक विटेस नवा आकार देत बसत नाहीं, एकाच लांकडी साच्यांतून हजार विटा काढतो, तसेंच हें आहे. प्रारंभींच्या काळांत रंग, अक्षरांचा आकार वगैरे मांडणीच्या खुणा मजकुरांतच मिसळून लिहाव्या लागत. मथळ्याचा रंग बदलावयाचा तर प्रत्येक पान उघडून बदलावा लागे. मांडणीचे नियम मजकुरापासून वेगळे ठेवावेत अशी सूचना होकॉन विअम ली यांनीं १९९४ सालीं केली, व १९९६ च्या डिसेंबर महिन्यांत जागतिक वेब संघानें त्या पद्धतीस मान्यता दिली. तेव्हांपासून एका ठिकाणीं केलेली दुरुस्ती शेंकडों पानांवर एकदम उमटविणें सुलभ झालें. आज फुकट मिळणाऱ्या साधनांनीं बनविलेल्या लहान संकेतस्थळासहि हा लाभ मिळतो. मात्र तो घेण्यासाठीं साचा आधीं ठरवावा लागतो.

पानें मोजूं नका, जाती मोजा

नवें संकेतस्थळ करावयाचें म्हटलें कीं सभेंत प्रथम ‘पानें किती?’ असा प्रश्न निघतो. हा प्रश्न चुकीचा आहे. पानांच्या जाती किती, हें आधीं मोजावें. जात म्हणजे एकाच प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या पानांचा समूह. साधारण उत्पादक कंपनीस पांच जाती पुरतात: पहिलें मुखपृष्ठ, दुसरें मालाचें पान, ज्यावर हळकुंड, हळदपूड, सोयाबीन, हरभरा अशा एकेका मालाची कायमची माहिती असते, तिसरें लॉटचें पान, ज्यावर आज विक्रीस असलेल्या एका ठराविक लॉटची हकीकत असते, चौथें सूचनेचें पान, जसें सभेची तारीख, खरेदीचा आरंभ, बियाण्याची नोंदणी, आणि पांचवें स्थिर माहितीचें पान, जसें कंपनीविषयीं, संचालक मंडळ व पत्ता. शंभर पानें झालीं तरी साचे पांचच. सहाव्या साच्याची गरज आहे असें वाटलें, तर नवें पान या पांचांपैकीं एकांत बसतें कीं काय हें आधीं पाहावें; बहुधा तें बसतें.

या पांचहि साच्यांस एकच बाहेरची चौकट असावी. माथ्यावर डाव्या बाजूस कंपनीचें पूर्ण नांव व गांव. त्याखालीं मुख्य दुव्यांची ओळ, तींत पांच-सहापेक्षां अधिक शब्द नसावेत व त्यांचा क्रम कोणत्याहि पानावर बदलूं नये. नंतर पानाचा मथळा. मथळ्याखालीं दोन ओळींत पानाचा सारांश. मग मुख्य मजकूर. आणि शेवटीं पायथा. पायथ्यांत पत्ता, दूरध्वनी, कंपनीचा नोंदणी क्रमांक व पान शेवटीं केव्हां तपासलें ती तारीख द्यावी. ही शेवटची तारीख पुष्कळ जण गाळतात. परंतु खरेदीदाराच्या दृष्टीनें ती फार बोलकी आहे. दोन वर्षांपूर्वींची तारीख पाहून तो परत फिरेल हें खरें. पण तारीखच नसेल तर चालू माहितीवरहि त्याचा भरंवसा बसणार नाहीं.

दुव्यांचा क्रम न बदलण्याचा नियम केवळ आमच्या आवडीचा नव्हे. जागतिक वेब संघानें सर्वांस सुगम अशा संकेतस्थळांविषयीं २००८ सालीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत पुनःपुन्हां येणारे दुवे प्रत्येक पानावर त्याच क्रमानें यावेत, व एकच काम करणाऱ्या गोष्टींस सर्वत्र एकच ओळख असावी, असे दोन स्वतंत्र नियम आहेत. ज्यांस दृष्टि नाहीं ते वाचक पान ऐकून समजून घेतात. त्यांस जागेची ही स्थिरता म्हणजे हातांतील काठीच होय. आणि जें अंधास सुगम, तें घाईंत असलेल्या डोळसासहि सुगमच असतें.

लॉटच्या पानाचा साचा

पांच साच्यांत सर्वांत महत्त्वाचा तिसरा. विक्री येथें होते, व चूकहि येथेंच होते. समजा, एकाच कंपनीच्या तीन लॉटांचीं तीन पानें तीन मुलांनीं लिहिलीं. पहिल्यानें लिहिलें, ‘ओलावा १० टक्के’. दुसऱ्यानें लिहिलें, ‘माल खणखणीत सुका’. तिसऱ्यानें ओलाव्याचा उल्लेखच केला नाहीं, पण हळदीच्या धार्मिक महत्त्वावर एक परिच्छेद लिहिला. खरेदीदार पहिल्याच लॉटची चौकशी करील. तिसऱ्या शेतकऱ्याची हळद कदाचित् अधिक सुकी असेल. परंतु पानानें तिची बाजू मांडली नाहीं. ज्याचा माल त्याचें नुकसान झालें, आणि कां झालें हें त्यास कधीं कळलेंहि नाहीं. साचा नसला म्हणजे अन्याय असा मुकाट्यानें होतो.

यास्तव लॉटच्या पानावर एक कोष्टक असावें व त्याचे रकाने पुढील क्रमानें ठेवावेत:

१. मालाचें नांव व जात. उदाहरणार्थ, हळद, शेलम.
२. लॉटचा क्रमांक.
३. गांव व तालुका. काढणीचा महिना व साल.
४. प्रकार: हळकुंड, गड्डा किंवा कणी, पॉलिश केलेला माल कीं नाहीं.
५. ओलाव्याचें प्रमाण, टक्क्यांत.
६. कुरकुमीनचें प्रमाण, टक्क्यांत.
७. लेड क्रोमेटच्या तपासणीचा निकाल.
८. तपासणी करणारी प्रयोगशाळा, अहवालाचा क्रमांक व तारीख.
९. उपलब्ध वजन क्विंटलांत. एका पोत्याचें वजन. कमींत कमी खरेदी.
१०. भाव, तो गोदामावरील कीं पोंच, व किती तारखेपर्यंत लागू.

या क्रमांत एक विचार आहे. खरेदीदार जे प्रश्न मनांत विचारतो ते याच ओळीनें येतात: काय आहे, कोणाकडचें आहे, कसें आहे, कोण सांगतो, किती आहे, केवढ्यास आहे. भाव शेवटीं ठेवला तो लपविण्यासाठीं नव्हे. गुण वाचून भाव पाहिला तर तो योग्य वाटतो. गुणांआधीं भाव पाहिला तर तो नेहमींच जास्त वाटतो. सातव्या रकान्याविषयीं कोणी विचारील, आमच्या हळदींत लेड क्रोमेट कोठून येणार? तो शिसेंयुक्त विषारी पिवळा रंग आहे, आणि हळदीस चमक आणण्यासाठीं तो लावण्याचा दुष्ट प्रकार कांहीं ठिकाणीं उघडकीस आला आहे; म्हणून सावध खरेदीदार हा प्रश्न विचारणारच. विचारण्याआधीं उत्तर देणें हें विक्रेत्यास शोभतें.

मोकळ्या रकान्याचा नियम याहून महत्त्वाचा आहे. जी माहिती नाहीं तिचा रकाना कधींहि काढून टाकूं नये, व रिकामाहि ठेवूं नये. तेथें ‘तपासणी केलेली नाहीं’ असें स्वच्छ लिहावें. प्रथम हें लिहितांना संकोच वाटेल. परंतु सर्व पानांवर तोच रकाना त्याच जागीं दिसला, आणि एके ठिकाणीं ‘नाहीं’ असें प्रांजळपणें लिहिलेलें आढळलें, म्हणजे बाकीच्या ठिकाणच्या ‘आहे’ वर विश्वास बसतो. शिवाय मोकळा रकाना कंपनीसहि टोंचत राहतो, आणि पुढच्या हंगामांत ती तपासणी होते.

हळदपूड पिशवीबंद करून विकणाऱ्यांनीं मालाच्या पानाच्या साच्यांत कायद्याचे रकाने आरंभींच घालावेत. वजनमापांच्या २०११ च्या नियमांतील दुरुस्तीनें १ जानेवारी २०१८ पासून, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या वेष्टित मालाच्या पानावरहि उत्पादकाचें नांव व पत्ता, मालाचें सामान्य नांव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, ग्राहक-तक्रारीचा पत्ता इत्यादि माहिती दाखविणें आवश्यक झालें. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक चौदा अंकी असतो. त्यालाहि ठराविक जागा असावी. हे रकाने साच्यांतच असले म्हणजे पान भरणाऱ्यास कायदा पाठ असण्याची गरज नाहीं; रकाना स्वतःच आठवण करून देतो.

मानांकनाच्या नांवाचेंहि तसेंच आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, व तो २००३ पासून अंमलांत आहे. मानांकनाची नोंदणी झाली म्हणजे त्या प्रदेशांतील वाटेल त्यास तें चिन्ह छापण्याची मोकळीक मिळाली असें नाहीं; प्राधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. म्हणून चिन्हाची जागा बाहेरच्या चौकटींत, सर्व पानांच्या माथ्यावर, ठेवूं नये. तसें केल्यास सोयाबीनच्या पानावरहि हळदीचें मानांकन झळकेल! तें चिन्ह लॉटच्या पानावर, वापरकर्त्याच्या नोंदणी क्रमांकासह, आणि जो लॉट त्या हद्दींतील आहे त्यासच लावावें. साच्यांतील जागेची एक चूक सर्व पानांवर खोटेपणा पसरविते, हें यावरून ध्यानांत येईल.

एका गोष्टीस एक शब्द, एका अंकास एक घर

साचा केवळ जागेचा नसतो, शब्दांचाहि असतो. एका पानावर ‘संपर्क’, दुसऱ्यावर ‘आम्हांस कळवा’, तिसऱ्यावर ‘चौकशी’, असे एकाच दुव्यास तीन शब्द असले तर वाचकास तीन वेगळ्या खोल्या आहेत असें वाटतें. एका पानावर भाव क्विंटलाचा, दुसऱ्यावर किलोचा असला तर तुलना करतांना शून्यें चुकतात. तारीख ०५/०६ अशी लिहिली तर आपण ती पांच जून वाचूं, परंतु अमेरिकेंतील गिऱ्हाईक सहा मे वाचील. म्हणून महिना नेहमीं अक्षरांत लिहावा. कंपनीनें अशा वीस-पंचवीस शब्दांची व मापांची एक यादी करून ती कार्यालयांत टांगावी.

इंग्रजी पानांसाठीं वेगळा साचा करूं नये. निजामाबादच्या खरेदीदारास देवनागरी अंक वाचतां येतीलच असें नाहीं. त्याच्यासाठीं भाषा व अंक बदलावेत, पण रकान्यांचा क्रम तोच ठेवावा. म्हणजे दोन भाषांचीं पानें शेजारीं ठेवून आपल्या कारकुनास ओळीओळीनें ताडून पाहतां येतील.

भावाविषयीं एक कडक नियम सांगणें अवश्य आहे. भाव लिहिण्याची जागा सबंध संकेतस्थळांत एकच असावी. मुखपृष्ठावर, सूचनेंत व लॉटच्या पानावर असा तीन ठिकाणीं भाव हातानें लिहिला, तर बाजार हालल्यावर दोन ठिकाणीं बदलेल व तिसऱ्या ठिकाणीं राहून जाईल. आणि गिऱ्हाईक नेमका तिसराच भाव दाखवून हुज्जत घालील. भाव लॉटच्या नोंदींत एकदांच लिहावा, व इतर पानांनीं तो तेथूनच उचलावा, अशी व्यवस्था साधनांत करतां येते. ज्यांस ती जमत नाहीं त्यांनीं इतर पानांवर भाव लिहूंच नये, फक्त दुवा द्यावा. मुदत संपतांच भावाच्या ठिकाणीं ‘चालू भाव विचारावा’ हे शब्द यावेत, इतकी योजना साच्यांतच असावी.

अक्षर, रंग व पडदा

मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनेंच लिहावा. या पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें होतें. तरीहि जुन्या छपाईच्या टंकांत टाईप केलेला मजकूर जशाचा तसा चिकटविण्याची खोड अद्याप आढळते. असा मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, व शोध घेणाऱ्यास सांपडत नाहीं. देवनागरींत मात्रा, वेलांट्या व रफार वर, उकार व ऋकार खालीं येतात. म्हणून इंग्रजीसाठीं बेतलेलें ओळींमधील अंतर मराठीस अपुरें पडतें. तें वाढवून घ्यावें. एकूण अक्षरांच्या आकृति दोनच असाव्यात, एक मथळ्यास व एक मजकुरास.

रंग दोन किंवा तीन पुरेत, व प्रत्येकास एकच काम असावें. दुवे ज्या रंगांत, त्या रंगांत दुसरें कांहीं नसावें. हळदीची कंपनी म्हणून पांढऱ्या पानावर पिवळीं अक्षरें छापण्याचा मोह होतो, तो आवरावा. वर सांगितलेल्या तत्त्वांप्रमाणें अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजेडाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें, आणि पांढऱ्यावर पिवळें त्याच्या जवळपासहि जात नाहीं. घरांत बसून पान चांगलें दिसलें म्हणजे झालें असें समजूं नये; तें दुपारच्या उन्हांत, बांधावर उभें राहून वाचून पाहावें.

बहुतेक वाचक मोबाईलवर येतात असें धरून साचा आधीं अरुंद पडद्यासाठीं आंखावा. दहा रकाने आडवे मांडले तर पान बोटानें सरकवितां सरकवितां वाचक कंटाळेल. तेच उभे मांडले, डावीकडे रकान्याचें नांव व उजवीकडे माहिती, तर सातबाऱ्यासारखें सरळ खालीं वाचतां येतें. छायाचित्रांचेंहि माप एकच असावें. प्रत्येक लॉटचें चित्र पांढऱ्या कापडावर, दिवसाच्या उजेडांत, सारख्याच अंतरावरून घ्यावें, आणि शेजारीं एक मोजपट्टी ठेवावी. यंत्रानें रंग गडद करूं नये. चित्रांतील हळद मालापेक्षां पिवळी निघाली, तर पोतें उघडल्यावर जो अविश्वास उत्पन्न होतो तो पुढच्या दहा लॉटांस भोंवतो.

साच्याची परीक्षा

कोणी म्हणेल, सर्व पानें एकसारखीं केलीं तर संकेतस्थळ नीरस होईल. हा आक्षेप विचारांत घेण्यासारखा आहे. परंतु एकसारखी असावयाची ती चौकट, मजकूर नव्हे. कळमनुरीच्या एखाद्या शेतकऱ्यानें बेणें कसें राखलें, उकडणी कशी सुधारली, हें त्याच्याच शब्दांत मालाच्या पानावर येऊं द्यावें. त्यासाठीं साच्यांत जागा ठेवावी. ज्यास रस म्हणतात तो अशा खऱ्या हकीकतींत असतो, फिरत्या चित्रांत नसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साचाच चुकीचा असला तर चूक सर्वत्र पसरते. म्हणून साचा घडण्यापूर्वीं त्याची परीक्षा झाली पाहिजे.

ही परीक्षा कागदावर करावी. त्यास पैसा पडत नाहीं. मोठ्या कागदावर रकाने आंखून त्यांत तीन नोंदी भराव्यात: एक नेहमींची, एक अशी कीं जींत नांवें लांबलचक व माहिती भरपूर आहे, आणि एक अशी कीं जींत निम्मी माहिती उपलब्धच नाहीं. तिन्ही नोंदी नीट बसल्या तर साचा टिकेल. नंतर तो कागद तीन माणसांपुढें ठेवावा: एक वृद्ध सभासद, एक व्यापारी, व एक कॉलेजांत जाणारी मुलगी. त्यांस ‘कसें वाटतें?’ असें विचारूं नये. सभ्य माणूस ‘छान’ असेंच म्हणतो. त्यांस काम सांगावें: या लॉटचा ओलावा किती, भाव किती तारखेपर्यंत, फोन कोणास करावा, हें शोधा. जेथें बोट थबकेल तेथें साचा दुरुस्त करावा, माणसास दोष देऊं नये.

किल्ल्या कोणाच्या हातीं

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पुष्कळ ठिकाणीं संकेतस्थळ गांवांतील एखादा हुशार मुलगा करतो. तो पुण्यास नोकरीस गेला कीं पानें जेथल्या तेथें थिजतात. गेल्या हंगामाचे भाव तसेच राहतात. कोणास आंत शिरतां येत नाहीं. यांत त्या मुलाचा अपराध नसतो. त्यानें जें केलें तें त्याच्या डोक्यांत राहिलें, कागदावर उतरलें नाहीं. साचा ठरलेला असेल, रकाने लिहिलेले असतील, शब्दांची यादी टांगलेली असेल, तर पुढचा माणूस आठवड्याभरांत काम उचलतो. तलाठी बदलला म्हणून सातबारा बदलत नाहीं. कारकून बदलला म्हणून संकेतस्थळ कां बंद पडावें?

म्हणून संचालक मंडळानें तीन ठराव करावेत. संकेतस्थळाचें नांव कंपनीच्याच नांवें नोंदवावें, करणाऱ्याच्या नांवें नव्हे, व नूतनीकरणाची तारीख कार्यवृत्तांत लिहावी. साच्यांची प्रत व गुप्त शब्द दोन पदाधिकाऱ्यांजवळ मोहोरबंद असावेत. आणि साच्यांत बदल करावयाचा तर वर्षांतून एकदां, हंगाम संपल्यावर, सभेंत विचार करून करावा. ज्याच्या मनास आलें त्यानें मधूनच करूं नये.

हळदीचा कंद जमिनींत असतां कोणास दिसत नाहीं. त्याची निगा पानांवरून कळते. दूरच्या गिऱ्हाइकासहि आपली कंपनी दिसत नाहीं. तिच्या कारभाराची कळा तो पानांवरूनच ओळखतो. तीं पानें स्वच्छ, सारखीं व खरीं ठेवणें हें आपल्या हातचें आहे, व त्यास खर्चापेक्षां शिस्तच अधिक लागते. येत्या सभेंत निदान लॉटच्या पानाचे दहा रकाने कागदावर आंखावेत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.